पुंग्ये-री: सहा अणुस्फोट, अकरा ठराव आणि हनोईत हुकलेला व्यवहार

३ सप्टेंबर २०१७, रविवार. भारतात सकाळचे नऊ वाजले होते. उत्तर कोरियाच्या ईशान्य टोकाला, उत्तर हामग्योंग प्रांतातल्या किल्जू भागात, मान्टाप नावाचा २,२०५ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या पोटात खोदलेल्या बोगद्यात त्या वेळी स्फोट झाला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने त्याची तीव्रता ६.३ नोंदवली. सीमेपलीकडे चीनच्या यानजी शहरात घरं हलली आणि माणसं रस्त्यावर आली. साडेआठ मिनिटांनी त्याच जागी ४.१ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. स्फोटाने खडकात पडलेली पोकळी आत ढासळत होती. पुढे शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या रडार प्रतिमा तपासल्या, तेव्हा डोंगराचा काही भाग साडेतीन मीटरपर्यंत बाजूला सरकल्याचं आणि माथा सुमारे अर्धा मीटर खचल्याचं दिसलं.

त्याच दिवशी सकाळी उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने एक छायाचित्र प्रसिद्ध केलं होतं. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मधे आवळलेल्या एका धातूच्या कवचापाशी किम जोंग-उन उभे आहेत आणि शेजारी वह्या घेतलेले अधिकारी आहेत. दुपारी री चुन-ही या वृत्तनिवेदिकेने दूरचित्रवाणीवरून हायड्रोजन बॉम्बची चाचणी पूर्ण यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. उत्तर कोरियाची ही सहावी चाचणी. आधीच्या पाच ९ ऑक्टोबर २००६, २५ मे २००९, १२ फेब्रुवारी २०१३, ६ जानेवारी २०१६ आणि ९ सप्टेंबर २०१६ या दिवशी, याच पुंग्ये-री चाचणीस्थळावर झाल्या. एकविसाव्या शतकात अणुचाचणी केलेला हा एकमेव देश आहे.

जगाने काय केलं, या प्रश्नाला सहसा दोन ठरीव उत्तरं मिळतात. एक म्हणजे निर्बंधांनी काहीच साधलं नाही. दुसरं म्हणजे निर्बंध आणखी कडक हवे होते. मला दोन्ही पटत नाहीत. २०१७ चे निर्बंध खरोखर जाचले, आणि ते जाचत होते म्हणूनच किम वाटाघाटीच्या टेबलावर आले. पण निर्बंधांची किंमत ते उठवण्याच्या तयारीवर ठरते. त्यांच्या बदल्यात काय घ्यायचं आणि किती द्यायचं, हे ऐन वेळी ठरवता आलं नाही, तिथे हे प्रकरण बिघडलं. ते कसं, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मोडलेले दोन करार

कोरियाचं युद्ध १९५० मध्ये सुरू झालं आणि २७ जुलै १९५३ ला थांबलं. थांबलं एवढंच. युद्धविरामावर सह्या झाल्या, शांतता करार कधीच झाला नाही. त्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला तयार नसलेल्या हजारो युद्धकैद्यांचा ताबा भारतीय सैन्याकडे होता आणि त्या दलाचं नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात करत होते. आज सत्तर वर्षं उलटून गेली तरी कायद्याच्या भाषेत ते युद्ध संपलेलं नाही. प्योंगयांगच्या प्रत्येक निर्णयामागे ही गोष्ट असते.

उत्तर कोरियाने डिसेंबर १९८५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केली. प्रत्यक्ष तपासणी सुरू व्हायला १९९२ उजाडलं. आपण वापरलेल्या अणुइंधनातून बॉम्बसाठी चालणारं प्लुटोनियम जेमतेम ९० ग्रॅम वेगळं केलं आहे आणि तेही एकदाच, असं योंगब्योनच्या अणुकेंद्राने सांगितलं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी तिथले नमुने तपासले, तर हे काम एकदा नव्हे, अनेकदा झाल्याचं निघालं. संस्थेने दोन संशयित जागा पाहू द्या म्हटलं. उत्तर कोरियाने नकार दिला आणि मार्च १९९३ मध्ये करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. ती अंमलात यायला एक दिवस उरलेला असताना स्थगितही केली. तो एक दिवस पुढे दहा वर्षांनी कामाला आला.

१९९४ च्या जूनमध्ये युद्धाची चिन्हं दिसू लागली. तेव्हा अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर प्योंगयांगला गेले आणि उत्तर कोरियाचे संस्थापक नेते, किम जोंग-उन यांचे आजोबा किम इल-सुंग यांच्याशी बोलून आले. पुढच्याच महिन्यात किम वारले, तरी २१ ऑक्टोबरला जिनिव्हात करार झाला. उत्तर कोरियाने योंगब्योन गोठवायचं, त्या बदल्यात त्याला वीजनिर्मितीच्या दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या आणि त्या उभ्या राहीपर्यंत वर्षाला पाच लाख टन जड इंधन तेल मिळायचं, असं ठरलं.

या कराराला नंतर खूप नावं ठेवली गेली. पण आठ वर्षं योंगब्योनची भट्टी बंद राहिली आणि वापरलेल्या इंधनाच्या सुमारे आठ हजार कांड्या निरीक्षकांच्या नजरेखाली पडून होत्या, ही वस्तुस्थिती आहे. तेल मात्र उशिरा पोचत होतं. २००३ चं उद्दिष्ट असलेल्या अणुभट्ट्यांच्या पायात पहिलं काँक्रीट पडलं ते ऑगस्ट २००२ मध्ये. दुसरीकडे उत्तर कोरिया युरेनियम समृद्धीकरणाच्या, म्हणजे बॉम्बसाठी लागणारं दुसरं इंधन बनवण्याच्या, चोरवाटेवर होता. त्याचं तंत्रज्ञान पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांच्याकडून गेलं, याची कबुली खुद्द खान यांनी २००४ मध्ये दिली. जून १९९९ मध्ये, कारगिलची लढाई चालू असताना, कांडला बंदरात अडवलेल्या कुवोलसान या उत्तर कोरियन जहाजावर क्षेपणास्त्रांचं सामान सापडलं होतं. त्यामुळे आपल्यासाठी हा विषय कधीच दूरच्या देशाचा नव्हता.

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेने युरेनियमबद्दल जाब विचारला. नोव्हेंबरमध्ये तेल बंद करायचं ठरलं, डिसेंबरमध्ये निरीक्षकांना हाकलण्यात आलं आणि १० जानेवारी २००३ ला उत्तर कोरियाने प्रसारबंदी करार सोडल्याचं जाहीर केलं. करारानुसार तीन महिन्यांची नोटीस लागते. प्योंगयांगचं म्हणणं असं की तिचा एकच दिवस शिल्लक होता, बाकीची १९९३ मध्येच भरली होती.

दुसरी संधी बीजिंगमधल्या षट्पक्षीय वाटाघाटींतून (दोन्ही कोरिया, अमेरिका, चीन, जपान आणि रशिया) आली. १९ सप्टेंबर २००५ च्या संयुक्त निवेदनात उत्तर कोरियाने सगळी अण्वस्त्रं आणि अणुकार्यक्रम सोडून देण्याचं मान्य केलं. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या अर्थखात्याने मकाऊच्या बँको डेल्टा एशिया या छोट्या बँकेवर बडगा उगारला आणि तिथे उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर अडकून पडले. रक्कम किरकोळ, पण इतर बँकांनीही धसका घेतला. वॉशिंग्टनचं एक खातं करार करत होतं आणि दुसरं खातं त्याच आठवड्यात गळा आवळत होतं. दोन्ही पावलं आपापल्या जागी समर्थनीय असतील, पण त्यांचा मेळ कोणी घातला नव्हता. उत्तर कोरिया बैठका सोडून गेला, जुलै २००६ मध्ये त्याने क्षेपणास्त्रं डागली आणि ऑक्टोबरमध्ये पहिली चाचणी केली. तिची ताकद एक किलोटनालाही, म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकांच्या ताकदीलाही, पोचली नाही. तांत्रिकदृष्ट्या ती फसल्यात जमा होती. राजकीयदृष्ट्या मात्र सगळं पालटलं, कारण आता प्रश्न बॉम्ब बनू न देण्याचा राहिला नाही, बनलेला बॉम्ब काढून घेण्याचा झाला.

चोरी लपत नाही

या सगळ्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय यंत्रणेचा एक भाग निर्विवाद यशस्वी ठरला आहे, आणि त्याचं पुरेसं कौतुक होत नाही. सर्वंकष अणुचाचणीबंदी करार १९९६ मध्ये तयार झाला. तो अजून अंमलात आलेला नाही, आणि भारत, पाकिस्तान व उत्तर कोरिया यांनी त्यावर सहीसुद्धा केलेली नाही. तरीही व्हिएन्नातल्या संस्थेने त्यासाठी आखलेलं ३३७ केंद्रांचं जाळं बव्हंशी उभं आहे. त्यात भूकंपमापकं आहेत, समुद्राखालचे कान आहेत, माणसाला ऐकू न येणारे ध्वनी टिपणारी उपकरणं आहेत आणि हवा गाळून किरणोत्सर्गी कण शोधणारी यंत्रं आहेत. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची कर्नाटकात गौरीबिदनूरला असलेली भूकंपमापकांची मांडणीही दूरचे भूमिगत स्फोट ओळखण्याच्या अशाच कामासाठी १९६० च्या दशकात उभी राहिली.

भूकंप आणि स्फोट वेगळे ओळखायचे कसे? भूकंपात खडकाचे दोन थर एकमेकांवर घासून सरकतात. त्यामुळे काही दिशांना पहिला धक्का बाहेर ढकलणारा असतो, तर काही दिशांना आत ओढणारा. स्फोट सगळीकडे बाहेरच ढकलतो. शिवाय स्फोटात सुरुवातीच्या दाबलहरी जोरकस असतात आणि मागून येणाऱ्या आडव्या लहरी मानाने क्षीण. आणि स्फोटाचा उगम पृष्ठभागाजवळ असतो, तर बरेच भूकंप कित्येक किलोमीटर खोल होतात. एवढ्यावरून काही तासांत स्फोट झाला हे नक्की होतं. तो अणुस्फोटच होता याचा पुरावा मात्र हवेतून यावा लागतो. अणुविखंडनात झेनॉन वायूची किरणोत्सर्गी रूपं तयार होतात. हा वायू कशाशीही सहसा संयोग पावत नाही, त्यामुळे खडकांच्या फटींतून तो वर झिरपतो. पण झेनॉन-१३३ दर सव्वापाच दिवसांनी निम्मा होतो, म्हणून शोधणाऱ्याला घाई असते. २००६ च्या चाचणीचा अंश कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रात सापडला. २००९ मध्ये काहीच हाती लागलं नाही, बोगदा फार नीट बुजवला होता. २०१३ मध्ये जपानच्या ताकासाकी केंद्राला झेनॉन मिळाला तो तब्बल ५५ दिवसांनी.

तीव्रतेचे आकडे चढत गेले: २००६ मध्ये ४ च्या थोडा वर, २००९ मध्ये ४.७, २०१३ मध्ये ५.१, सप्टेंबर २०१६ मध्ये ५.३ आणि मग ६.३. हे मापन दशपटीचं असल्यामुळे शेवटची उडी प्रचंड होती. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा होता. सहाव्या चाचणीचे अंदाज शंभरपासून अडीचशे किलोटनांपर्यंत जातात. माहिती कमी पडली म्हणून जग गाफील राहिलं, असं या प्रकरणात कोणालाच म्हणता येणार नाही.

न्यूयॉर्कमधले आठ दिवस

चाचणीचा मुहूर्तही पाहण्यासारखा होता. त्याच दिवशी चीनमधल्या श्यामेन शहरात ब्रिक्स परिषद सुरू होत होती, शी जिनपिंग यजमान होते आणि पंतप्रधान मोदींसह इतर नेते तिथे पोचत होते. डोकलामचा तिढा सुटून आठवडाही झाला नव्हता. आपल्याच दारात आपला एकमेव औपचारिक मित्रदेश असा स्फोट करतो, हा शी यांना झालेला अपमान होता. परिषदेच्या जाहीरनाम्यात चाचणीबद्दल तीव्र खेद नोंदवला गेला. भारतानेही स्वतंत्रपणे निषेध केला.

४ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक झाली. किम युद्धाची भीकच मागत आहेत, असं अमेरिकेच्या प्रतिनिधी निकी हेली म्हणाल्या. दोन दिवसांत अमेरिकेने मसुदा फिरवला. त्यात तेलपुरवठा पूर्ण बंद करणं, किम जोंग-उन यांची मालमत्ता गोठवणं, संशयित जहाजं खुल्या समुद्रात बळ वापरून अडवणं आणि परदेशातल्या उत्तर कोरियन मजुरांना काम देणं थांबवणं अशी कलमं होती.

चीन आणि रशियाने यातली बरीच कलमं बोथट केली. त्यांचा युक्तिवाद नुसता अडेलतट्टूपणाचा नव्हता. चीनमधल्या दानदोंगहून एक वाहिनी यालू नदीखालून उत्तर कोरियाला कच्चं तेल पोचवते. ती बंद केली तर हिवाळ्यात आधी रुग्णालयं, शेती आणि घरं थंड पडतील, सैन्याकडे साठा असेलच. राजवट कोसळली तर निर्वासितांचे लोंढे चीनमध्ये येतील आणि अमेरिकी फौजा यालूच्या काठाशी. पुतिन तर श्यामेनमध्येच म्हणाले की उत्तर कोरियन गवत खातील, पण अणुकार्यक्रम सोडणार नाहीत. पाकिस्तानच्या भुट्टोंनी १९६५ मध्ये स्वतःच्या देशाबद्दल हेच म्हटलं होतं, ते भारतीय वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही.

११ सप्टेंबरला ठराव क्रमांक २३७५ पंधराही सदस्यांच्या मतांनी मंजूर झाला. उत्तर कोरियाच्या कापडनिर्यातीवर बंदी आली. शुद्ध केलेल्या तेलाच्या आयातीवर वर्षाला २० लाख पिंपांची मर्यादा आली आणि कच्च्या तेलाचा पुरवठा आहे तिथेच थांबवला गेला. मजुरांना नवे परवाने मिळेनासे झाले. किम यांची मालमत्ता आणि जहाजांवरची बळजबरी मसुद्यातून गळाली. त्याआधी महिनाभर, ५ ऑगस्टच्या ठरावाने, कोळसा, लोखंड आणि मासळीची निर्यात बंद झाली होती. नोव्हेंबरअखेर ह्वासोंग-१५ हे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र उडालं, तेव्हा २२ डिसेंबरला ठराव २३९७ आला. त्याने शुद्ध तेलाची मर्यादा पाच लाख पिंपांवर आणली, यंत्रसामग्री आणि धातूंची आयात थांबवली आणि मजुरांना दोन वर्षांत परत पाठवायला सांगितलं.

या दोन पिढ्यांच्या निर्बंधांत मोठा फरक आहे. २००६ पासूनचे निर्बंध शस्त्रं, अणुसाहित्य, चैनीच्या वस्तू आणि ठरावीक माणसं-कंपन्यांपुरते होते. २०१६-१७ चे निर्बंध पूर्ण अर्थव्यवस्थेवर होते. आणि चीनने ते, निदान सुरुवातीला, मनापासून पाळले. उत्तर कोरियाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास व्यापार एकट्या चीनशी चालतो. २०१८ मध्ये चीनने तिथून केलेली आयात जवळपास ८८ टक्क्यांनी घसरली. मग समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल भरून घेणं, जहाजांची नावं आणि झेंडे बदलणं हे प्रकार वाढले. कोळसा घेऊन निघालेलं वाइज ऑनेस्ट हे जहाज एप्रिल २०१८ मध्ये इंडोनेशियाने पकडलं. चोरवाटा होत्या, पण मुख्य रस्ता बंद पडल्याची भरपाई त्या करू शकत नव्हत्या.

आपल्याकडे इथे हमखास एक प्रश्न येतो: पोखरणनंतर आपल्यावरही निर्बंध आले होते, मग हे वेगळं कसं? प्रश्न रास्त आहे. ६ जून १९९८ च्या ठराव ११७२ ने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही निषेध केला होता. पण भारताने प्रसारबंदी करारावर कधी सही केली नाही. हा करार अन्यायकारक आहे, असं उघडपणे सांगत आपण त्याच्या बाहेर राहिलो. उत्तर कोरियाने सही केली, त्या सहीवर अणुसहकार्य मिळवलं, निरीक्षकांना खोटं सांगितलं आणि मग तो बाहेर पडला. शिवाय ११७२ हा बंधनकारक कलमाखालचा ठराव नव्हता, तर २००६ पासूनचे निर्बंधांचे ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखालचे, म्हणजे सगळ्या सदस्यदेशांवर बंधनकारक आहेत. भारतालाही ते पाळावे लागतात. एप्रिल २०१७ मध्ये आपण अन्न आणि औषधं वगळता उत्तर कोरियाशी जवळपास सगळा व्यापार थांबवला, प्योंगयांगमधला दूतावास मात्र बंद केला नाही. प्रसारबंदी कराराने अण्वस्त्रधारी मानलेल्या पाच देशांनी स्वतःची अण्वस्त्रं कायम ठेवून इतरांना उपदेश करावा, हा दुटप्पीपणा आहेच. त्यामुळे किल्जूमधला स्फोट निर्दोष ठरत नाही.

हनोई

२० एप्रिल २०१८ ला किम यांनी अणुचाचण्या आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं थांबवल्याचं जाहीर केलं. २४ मे ला परदेशी पत्रकारांसमोर पुंग्ये-रीचे बोगदे सुरुंग लावून उडवले. पत्रकारांना बोलावलं, पण तपासणारे तज्ज्ञ बोलावले नाहीत. १२ जूनला सिंगापूरमध्ये ट्रम्प आणि किम भेटले. निवेदन मोघम होतं.

खरा सौदा व्हायचा होता तो २७ आणि २८ फेब्रुवारी २०१९ ला व्हिएतनामच्या राजधानीत. किम यांनी ठेवलेला प्रस्ताव त्यांचे परराष्ट्रमंत्री री योंग-हो यांनी मध्यरात्री पत्रकारांना बोलावून सांगितला. योंगब्योन अमेरिकी तज्ज्ञांच्या देखत कायमचं मोडून टाकतो, त्या बदल्यात सुरक्षा परिषदेच्या निर्बंधांच्या अकरापैकी पाच ठरावांतली सामान्य जनजीवनाला झोंबणारी कलमं उठवा. हे पाचही ठराव २०१६ आणि २०१७ मधले. माझ्या मते हे या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाक्य आहे. दहा वर्षांचे शस्त्रबंदी, चैनबंदीचे ठराव किम यांनी मागितलेच नाहीत. कोळसा, कापड, मासळी, तेल, मजूर हे मागितलं. कुठे दुखतंय ते त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं.

अमेरिकेचं म्हणणं होतं की पाच ठराव म्हणजे जवळजवळ सगळेच निर्बंध, आणि योंगब्योन म्हणजे सगळा कार्यक्रम नव्हे. समृद्धीकरणाच्या आणखी जागा आहेत आणि तयार बॉम्ब तर वेगळेच. हे खरं होतं. पण योंगब्योनमध्ये प्लुटोनियमची एकमेव ज्ञात भट्टी होती, पुनर्प्रक्रियेचा कारखाना होता आणि अमेरिकी शास्त्रज्ञ सीगफ्रीड हेकर यांनी २०१० मध्ये डोळ्यांनी पाहिलेलं, युरेनियम समृद्ध करणाऱ्या दोन हजार सेंट्रिफ्यूज यंत्रांचं दालन होतं. पाचाऐवजी दोन ठराव, तेही अट मोडल्यास आपोआप परत लागू होतील असे, इतकं तरी बोलता आलं असतं. मेट्रोपोल हॉटेलात दुपारच्या जेवणाचं टेबल मांडलेलं राहिलं आणि दोन्ही नेते न जेवता निघून गेले. शिखर परिषदेआधी खालच्या अधिकाऱ्यांनी आकडे जुळवून ठेवायचे असतात. इथे ते काम झालंच नव्हतं. दोन्ही नेते आपापल्या आत्मविश्वासावर आले होते.

निर्बंध हा पोस्ट-डेटेड चेक आहे, मुदतीत वटवला नाही तर कागद उरतो. मुदत ठरवणारं कोणी एक नव्हतं. ती चीन आणि रशियाच्या सहनशक्तीने ठरत होती, आणि ती संपत आली होती.

मोडलेली एकी

जानेवारी २०२० मध्ये करोनाच्या भीतीने उत्तर कोरियाने स्वतःच सीमा बंद केली, आणि जे निर्बंधांना जमलं नव्हतं तेही करून दाखवलं: व्यापार जवळपास शून्यावर आणला. राजवट त्यातूनही टिकली. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. २६ मे २०२२ ला सुरक्षा परिषदेत नवे निर्बंध मांडले गेले, तेव्हा चीन आणि रशिया दोघांनी नकाराधिकार वापरला. २००६ पासून एकमताने चाललेली मालिका तिथे तुटली. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्रांबद्दल कायदा केला आणि किम यांनी हा दर्जा आता मागे फिरवता येणार नाही असं सांगितलं. वर्षभराने ते धोरण राज्यघटनेत गेलं.

२८ मार्च २०२४ ला रशियाने निर्बंधांवर देखरेख करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीची मुदतवाढ रोखली. ही समिती २००९ च्या दुसऱ्या चाचणीनंतर नेमलेली होती. कोणतं जहाज कुठे थांबलं, कोणत्या बँकेतून पैसा फिरला, कोणत्या देशाने डोळेझाक केली, हे नावानिशी लिहिणारी ती एकमेव अधिकृत जागा होती. ३० एप्रिलला ती संपली. निर्बंध कागदावर जसेच्या तसे आहेत, पण ते मोडणाऱ्याची नोंद ठेवणारं संयुक्त राष्ट्रांचं कोणी नाही. अमेरिका, जपान, दक्षिण कोरियासह अकरा देशांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र देखरेख गट काढला, मात्र त्याला सुरक्षा परिषदेचं बळ नाही. दरम्यान जून २०२४ मध्ये पुतिन प्योंगयांगला जाऊन परस्पर संरक्षणाच्या करारावर सही करून आले आणि त्याच वर्षअखेर उत्तर कोरियन सैनिक रशियाच्या कुर्स्क भागात लढत होते.

या तज्ज्ञ समितीच्या अहवालांतलं एक पान पुण्याबद्दल आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी एकूण सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत रोकड काढली गेली, कोल्हापूरसारख्या शहरातल्या एटीएमवरही माणसं उभी होती, आणि दोन दिवसांनी आणखी तेरा-चौदा कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवलं, ते सगळे पैसे काढणारे आणि फिरवणारे खालचे हात. तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालांत ही चोरी उत्तर कोरियाच्या सायबर हल्ल्यांत मांडली आणि अशा चोऱ्यांमधून त्या देशाने सुमारे दोन अब्ज डॉलर मिळवल्याचा अंदाज दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो बाजारातून सुमारे दीड अब्ज डॉलर एका झटक्यात गेले, त्यामागेही उत्तर कोरियाच असल्याचं अमेरिकेच्या एफबीआयने सांगितलं. कोळशाची वाट बंद झाली तेव्हा पैशाने ही वाट धरली. २०१७ च्या ठरावांत तिला अडवणारं फारसं काही नाही.

किंमत कोणी मोजली याचा हिशेब करताना किल्जूचे लोक बहुतेक वेळा विसरले जातात. दक्षिण कोरियाने चाचणीस्थळाच्या आसपासच्या गावांतून पळून आलेल्या ८० जणांची तपासणी केली. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षात १७ जणांच्या गुणसूत्रांत नेहमीपेक्षा जास्त बिघाड दिसला. तो चाचण्यांमुळेच, असं ठामपणे म्हणता येणार नाही, वय आणि धूम्रपानासारखी इतर कारणंही असू शकतात, असं सरकारने स्पष्ट केलं. खरं उत्तर तिथल्या विहिरींचं पाणी तपासल्याशिवाय मिळणार नाही, आणि ती परवानगी कोणालाही नाही. दुसरीकडे ठराव २३९७ मधल्या यंत्र आणि धातूंवरच्या सरसकट बंदीमुळे पाण्याचे पंप, शेतीची अवजारं, रुग्णवाहिका यांसाठीही मदतसंस्थांना निर्बंध समितीकडून एकेका वस्तूची सूट घ्यावी लागली आणि महिनोन् महिने गेले. उपासमार आणि कुपोषण तिथे राजवटीच्या अग्रक्रमांमुळे आहे, हे नक्की. म्हणून पंपाच्या पाइपला उशीर लावणं समर्थनीय होत नाही.

सातवी चाचणी अजून झालेली नाही. पुंग्ये-रीचा तिसरा बोगदा पुन्हा उघडल्याच्या खुणा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवल्या, तेव्हापासून ती आज होईल, उद्या होईल असं बोललं जातं. न होण्याची कारणं दोन दिसतात. मोठ्या बॉम्बची माहिती सहाव्या स्फोटाने मिळवून दिली. आणि आणखी एक स्फोट हा यानजीच्या माणसांच्या पायाखाली, म्हणजे चीनच्या दारात होतो. दुसरं कारण अजून जिवंत आहे. अमेरिका आणि चीन एकमेकांशी कितीही भांडत असले तरी चाचणीबंदीपुरता दोघांचा स्वार्थ एक आहे. सगळी अण्वस्त्रं आधी सोडा, ही मागणी बाजूला ठेवून चाचण्या थांबल्या राहाव्यात यासाठी कोळसा किंवा कापडाचं एखादं कलम सोडायला वॉशिंग्टन तयार असेल, तर बोलणी सुरू करायला जागा आहे. उत्तर कोरियाने चाचणीबंदी करारावर सही करावी आणि पुंग्ये-रीत निरीक्षक येऊ द्यावेत, हे त्या बदल्यात मागता येण्यासारखं आहे, कारण ते तपासून पाहता येतं.